बडगीची झिलई

बडगीला भेग पडल्याची बातमी आबांनी जेवता जेवता सांगितली, तेव्हा आईचा भाकरी थापणारा हात थांबला आणि अक्कानं उचललेला घास ताटात परत ठेवला. बाहेरच्या माणसाला वाटेल, एका लाकडी भांड्याचं ते काय! पण आमच्या बोदवडकडे भरिताची वांगी नुसती हातानं कुस्करून वाढणाऱ्या घरी लोक पुन्हा जेवायला जात नसत. वांगी भाजायची ती कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर आणि ठेचायची ती बडगीत. बडगी म्हणजे जाड लाकडाचं खोलगट भांडं, दोन्ही हातांनी उचलावं लागणारं. आमची बडगी आजोबांच्या वेळची होती. हरी सुतार नावाच्या कारागिरानं ती वाकसानं कोरून केली होती. आतून ती इतकी काळीभोर आणि गुळगुळीत झाली होती की लहानपणी मला ती दगडाचीच वाटायची. आता तिच्या तळापासून काठापर्यंत भेग गेली होती आणि वांग्याचं पाणी त्यातून झिरपायला लागलं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. एरवी गरीब गाय, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण भरिताचा विषय निघाला की त्यांच्या अंगात यायचं. दरवर्षी चंपाषष्ठी झाली की पुढच्या रविवारी आमच्या मळ्यात भरिताच्या पार्टीला सगळी भाऊबंदकी जमायची. वांगी आमची, मिरच्या आमच्या, आणि ठेचायला आबा. दुसऱ्या कुणाला ते दांड्याला हात लावू द्यायचे नाहीत. भरीत झालं की एक रीत होती, ती मी इतर गावांत कुठे पाहिली नाही. बडगीच्या बुडाशी चिकटलेलं भरीत आबा पुरीच्या तुकड्यानं खरवडायचे आणि तो पहिला घास ज्यानं बडगी घडवली त्याच्या हातावर ठेवायचे. पाहुणे कितीही मोठे असोत, आधी कारागीर. हरी सुतार होता तोवर तो पंगतीच्या टोकाला, नवं धोतर नेसून, ऐटीत बसायचा. तो गेल्यावर आबा तो घास विहिरीच्या कठड्यावर ठेवायचे आणि मग कावळ्यांची त्यावरून मारामारी व्हायची.

"बोदवडच्या सुताराले सांगून टाकू," आई म्हणाली.

"मी करते बडगी," मी म्हणाले.

त्यावर अक्का हसली. अक्का म्हणजे आबांची मोठी बहीण, माझी आत्या. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली आणि तेव्हापासून आमच्या घराचं सरकार. ती हसली की आम्हाला जास्त भीती वाटायची.

माझं हे बोलणं हवेतलं नव्हतं. धुळ्याला माझा मामा लाकूड कातायचा. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस बाप-भावांशी न पटल्यामुळे धुळ्याला गेला आणि आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत त्यानं पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी, भिंगऱ्या करायचं दुकान टाकलं. इतकी वर्षं तिकडे राहून तो अहिराणी बोलू लागला होता, त्यावरून आई त्याला चिडवायची. दर सुट्टीत मी त्याच्याकडे जायची आणि जेवण सोडून सगळा वेळ दुकानात असायची. मोटर सुरू झाली की पट्टा फडफडायचा, लाकूड फिरायला लागायचं, आणि पटाशी टेकवली की त्यातून ओली, कुरळी सालं माझ्या मांडीवर येऊन पडायची. चौकोनी ओंडका डोळ्यांदेखत गोल होताना पाहून मला दरवेळी नव्यानं हसू फुटायचं. आजही फुटतं. वय झालं, गुडघे कुरकुरतात, पण लाकडाचा कोपरा पहिल्यांदा गेला की अजून मी एकटीच हसते.

बारावी झाली होती. घरात स्थळांची कुजबुज सुरू झाली होती आणि मला धुळ्याला जाऊन मामाच्या हाताखाली रीतसर काम शिकायचं होतं. मामा तयार होता, आईचं मौन म्हणजे अर्धा होकार होता. अडून बसले होते ते आबा. त्यांचं एकच पालुपद, "वेनी अडकली पट्ट्यात म्हंजे? टकल्या पोरीले कोन करंल?" त्या दिवशी मात्र मी बडगीचं बोलले आणि आबा माझ्याकडे बघत राहिले. भरिताचा विषय होता ना.

"कर," ते म्हणाले. "पार्टीत मह्या भरिताले टिकली तं जाय धुय्याले. नाही टिकली तं ह्या मशीनचं नाव पुन्हा घरात काढायचं नाही. कबूल?"

मी इतक्या जोरात कबूल म्हणाले की गोठ्यातली म्हैस बिचकली.

दिवाळीची भाऊबीज झाली आणि मी एसटीनं धुळ्याला. मामाला सांगितलं तर तो माझ्याहून जास्त उड्या मारायला लागला. दुकानाच्या माळ्यावर बाभळीचा एक जाड ओंडका कित्येक वर्षं वाळत पडला होता. तो खाली ओढताना मामाच्या टोपीवर एवढी धूळ पडली की मामी म्हणाली, "होळी आते लगेच शे का?" मामाचं यंत्र पलंगाच्या पायांसाठीचं. एवढं रुंद भांडं त्यावर फिरणार कसं? त्यानं सागाचे ठोकळे घालून लाकूड फिरवणारं यंत्राचं डोकं वर उचललं, नट आवळले, आणि दुकानातल्या सगळ्यांना लांब उभं केलं. माझी वेणी मामीनं डोक्याभोवती गुंडाळून वरून फडकं करकचून बांधलं. आबांच्या वतीनं, ती म्हणाली.

बाभूळ कातणं म्हणजे हट्टी म्हाताऱ्याची समजूत काढणं. मी जोर लावला की पटाशी उसळून हात झिणझिणायचे. मामा मागून ओरडायचा, "भाची, हात हलका ठेव! लाकूड तुनासंगे भांडत नही, तूच त्यानासंगे भांडी राहिनी!" मग हात हलका केला की तेच लाकूड लोण्यासारखं उतरायचं. बाहेरचा गोल झाला, मग आतली खोली. दुपारी मामी डब्यात शेवभाजी आणि पोळ्या आणायची. भाजीच्या लाल तर्रीत लाकडाचा भुसा पडलेला असायचा आणि आम्ही तो मसाला समजून खायचो. भांडं पुरं झालं तेव्हा मी त्याच्या काठावरून हात फिरवला आणि खरं सांगते, मला रडू आलं. हे मी केलं होतं!

आता झिलई कशाची द्यायची हा प्रश्न. मामा म्हणाला, तेल लाव किंवा लाख लाव. त्याच्या फळीवर लाखेच्या कांड्या मांडलेल्या होत्या, लाल, हिरव्या, पिवळ्या, जांभळ्या. पाळण्याचे खांब तो त्यांनीच रंगवायचा. फिरत्या लाकडावर कांडी दाबली की घर्षणानं लाख वितळायची आणि लाकडावर पसरत जायची. मग वरून केवड्याचं वाळकं पान घासलं की असा चकाकणारा रंग उठायचा की बघत राहावं. तेलाचं नाव तिथल्या तिथे मागे पडलं. तेलाला रंग असतो का! मी आतून लाल भडक लाख घातली, बाहेर हिरवे आणि पिवळे पट्टे. केवड्याचं पान मी इतकं घासलं की बोटं भाजली. शेवटी यंत्र थांबलं तेव्हा बडगीत माझा चेहरा दिसत होता. मामा कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "देख, कशी चमकी राहिनी! खान्देशमा अशी बडगी कोनी देखी नही व्हई!" त्यात तो बरोबरच होता.

धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगाव, आणि तिथून पुढे घर. सगळा प्रवास मी बडगी मांडीवर घेऊन केला. तिला फडक्यात गुंडाळायला मी तयार नव्हते. पारोळ्याला चढलेली एक बाई म्हणाली, "बाळाचं काही आहे का हो?" कंडक्टरनं बडगीवर बोटानं टिचकी मारून पाहिली. मी प्रत्येकाला सांगत होते, मी केली, मी स्वतः केली. एरंडोलच्या पुढे खिडकीतून ऊन आलं आणि बडगीचा लाल उजेड बसच्या छतावर नाचायला लागला, तेव्हा मागच्या बाकावरची शाळेची पोरं टाळ्या वाजवायला लागली. आज माझ्याकडे गाडी आहे आणि कामाच्या पेट्या डिकीत जातात. असा प्रवास पुन्हा झाला नाही.

घरी ओसरीवर बडगी ठेवली. आई हरखली. आबांनी ती उचलली, उन्हात फिरवली, आत आपला चेहरा पाहिला, मिशी नीट केली. अक्का मात्र बोटानं काठ चाचपत म्हणाली, "पायन्यावानी दिसून र्‍हायली. बाळ कोनाचं झोपवायचं व हिच्यात?" पाळण्याला आमच्याकडे बायका पायनं म्हणतात. मी मनात म्हटलं, जळते अक्का.

संध्याकाळी आबांनी मळ्यातून चार भरिताची वांगी आणली. आमची वांगी जांभळी नसतात, पोपटी हिरवी, आणि एकेक वांगं दोन हातांत न मावणारं. अंगणात पऱ्हाट्या पेटवल्या, वांग्यांना तेलाचा हात लावला आणि ती जाळावर टाकली. वरची साल काळी पडून फुटायला लागली की जो वास सुटतो, त्यानं आमची सगळी गल्ली जागची हलायची. आईनं पटापट सालं काढली आणि वाफाळती वांगी बडगीत टाकली. आबांनी दांडा उचलला. ठक, ठक, असा छान आवाज आला. मग मधेच तो बदलला. चप. चप. आबांनी दांडा वर उचलला, तर त्याच्या टोकापासून बडगीच्या बुडापर्यंत लाल धागा ताणलेला. माझी लाख! गरम वांग्यानं ती वितळली होती आणि पांढऱ्या गरात लाल रेघाच रेघा पसरल्या होत्या.

आबांनी तरीही एक घास घेतला. मला वाटतं, माझ्यासाठीच. चावता चावता थांबले, दातातून लाल टवका काढून बोटावर धरला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "हे गियायचं का थुकायचं?"

आई पदरात तोंड लपवून हसली. अक्का तर उघड हसली. "मी चंपाषष्ठीलोक वांगं खात नाही," ती म्हणाली, "देवानंच वाचोलं मले." मी धावत आत गेले आणि कणगीच्या मागे बसून ढसाढसा रडले. पाळण्यातलं बाळ पाळणा चाटत नाही, आणि कुणी त्यात वाफाळतं वांगंही टाकत नाही, ही एवढी साधी गोष्ट माझ्या किंवा मामाच्या डोक्यात आली नव्हती. धुळं गेलं. मामाचं दुकान गेलं. आता पुढच्या आठवड्यात कुणीतरी स्थळ येणार आणि मी पोह्यांची बशी घेऊन बाहेर जाणार, हे मला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसायला लागलं.

आबा आत आले. कणगीशी टेकून उभे राहिले. "मी पार्टीत टिकली पाहिजे म्हटलं व्हतं," ते म्हणाले. "पार्टीले टाइम आहे अजून. रंग गेला, भांडं कुठी गेलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुटक्या खिडकीची काच घेतली आणि लाख खरवडायला बसले. काचेच्या धारेनं लाकूड किती सुंदर साफ होतं हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. लाल पापुद्रे उडत होते आणि खालून बाभळीचा तांबूस रंग वर येत होता, मधूनच गडद रेषा, जशा मावळतीच्या वेळी नांगरलेल्या रानात दिसतात. रंगाखाली मी हे झाकून टाकलं होतं! रडणं केव्हा संपलं कळलंच नाही. दुपारपर्यंत मी गाणं म्हणत होते.

पण उघडं लाकूड ठेवून चालणार नव्हतं. उघड्या लाकडानं वांग्याचं पाणी प्यालं, मीठ-मिरची प्याली की आधी वास आणि मग भेग. मी हाताला वळण लागावं म्हणून धुळ्यात त्याच बाभळीच्या लहान लहान वाट्या कातल्या होत्या, त्या पिशवीतून काढल्या आणि आमच्या धाब्याच्या घराच्या मातीच्या गच्चीवर ओळीनं मांडल्या. एकीला शेंगदाण्याचं तेल लावलं. एकीला तिळाचं. एकीला खोबरेल. दारं-खिडक्या रंगवणाऱ्या बाबू पेंटरकडून थोडं व्हार्निश मागून आणलं, ते एकीला. रोज सकाळी उठले की तोंड न धुता जिना चढायची. घरातल्यांना वाटायचं मी सूर्यनमस्कार घालते.

व्हार्निशची वाटी सगळ्यांत देखणी झाली. मी त्यात गरम भात घालून अक्कापुढे ठेवला. तिनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "दरवाजा चाटल्यावानी लागतं." ती वाटी बाद. शेंगदाण्याची वाटी दोन दिवस छान दिसली, मग तिच्यावर धूळ बसली ती निघेना, बोट लावलं की चिकट, आणि उन्हानं असा खवट वास सुटला की मांजरही दूर पळालं. खोबरेलच्या वाटीला डोक्याचा वास. तिळाची त्यातल्या त्यात बरी, पण तीही ओशट. म्हणजे तेल लाकडात जातं आणि तसंच राहतं, वाळत नाही. मला हवी होती वाळणारी झिलई, जी पोटात जाऊ शकेल. असं काही जगात आहे का, हे कुणाला विचारायचं तेच कळत नव्हतं. चंपाषष्ठी जवळ येत होती आणि आबा रोज जेवताना माझ्या हातांकडे बघायचे.

मग ती दुपार आली. अक्का ओसरीवर जवसाची चटणी कुटत बसली होती. भेग पडली तरी जुनी बडगी तिनं टाकू दिली नव्हती. ओल्या भरिताला निकामी झाली म्हणून काय झालं, कोरडी चटणी तर कुटता येते ना, असा तिचा हिशेब. गरम भाजलेल्या जवसाचा तो वास, त्यात लसणाचा, आणि थंडीतलं कोवळं ऊन. मी तिच्याशेजारी बसून चटणी चोरत होते. चोरता चोरता माझं बोट बडगीच्या आतल्या भिंतीवरून फिरलं. गुळगुळीत. कोरडी. ओशट नाही, चिकट नाही, आणि तरी चकाकते आहे. मी बोट तिथेच ठेवून बसले. आजोबांपासून दर हिवाळ्यात ह्यात जवस कुटलं जात होतं. म्हणजे दर हिवाळ्यात ह्या लाकडाला जवसाचं तेल पाजलं जात होतं!

मी तांब्यातलं पाणी बोटावर घेऊन आत एक थेंब टाकला. थेंब मोत्यासारखा तसाच बसून राहिला. मग बडगी जराशी कलती केली आणि बाहेरच्या बाजूला, जिथे जवस कधी लागलं नव्हतं, तिथे एक थेंब टाकला. लाकडानं तो बघता बघता पिऊन टाकला.

मी अशी किंचाळले की अक्कानं दांडा टाकून पाय वर घेतले. "काय व, साप निघाला का काय?"

"अक्का, जवस! जवस आहे ते!"

"जवसच कुटून र्‍हायले मी कव्हाची. तुले काय तांदूय दिसले?"

मी तिला मिठी मारली. तिच्या अंगावर आम्ही कुणी सहसा जात नसू, त्यामुळे तिला काय करावं कळेना. मग मी तिला थेंबाचा खेळ दाखवला, आत आणि बाहेर. तिनं तो स्वतः करून पाहिला. पुन्हा करून पाहिला. "अयंव माय," ती म्हणाली, आणि माझ्याआधी तीच उठली, कोठीतून जवसाचं गाडगं आणायला.

त्यानंतरचे दिवस मी कधी विसरणार नाही. सकाळी आई जवस भाजून द्यायची, गरम असतानाच मी ते नव्या बडगीत ओतायची आणि कुटायची. मीठ नाही, लसूण नाही, नुसतं जवस. कुटता कुटता दाण्यांतून तेल सुटायचं आणि लाकडाचा रंग माझ्या नजरेसमोर गडद होत जायचा. मग तो भुगा काढून जुन्या लुगड्याच्या चिंधीनं आतबाहेर घासायचं, वर राहिलेलं तेल कोरडं पुसून टाकायचं आणि बडगी गच्चीवर उन्हात. पुसलं नाही की चिकट राहायची, ते मी एकदा आळस करून शिकले. जवसाला पाणी लागलं की बुळबुळीत होतं, म्हणून अक्का स्वतः गच्चीच्या जिन्यावर पहारा द्यायची आणि धुणं घेऊन येणाऱ्या आईलासुद्धा अडवायची. संध्याकाळी बडगी खाली आणली की आधी अक्का हात फिरवायची. "आज कालच्यापेक्षा कोरडी लागते," ती म्हणायची, आणि मला लग्न ठरल्यापेक्षा जास्त आनंद व्हायचा.

एवढ्या कुटलेल्या जवसाचं करायचं काय? चटणी. भाकरीशी चटणी, भाताशी चटणी, गल्लीत घरोघर वाट्या भरून चटणी. आबा एक दिवस ताटाकडे बघून म्हणाले, "पुढच्या साली कपाशी सोडून जवसच पेरतो मी." पण खात होते. आज माझ्या जळगावच्या कारखान्यात पुण्या-मुंबईची माणसं येतात आणि विचारतात, मॅडम, फिनिश कोणतं? मी त्यांना लाकडी घाण्यावरच्या जवस तेलाची बाटली दाखवते. त्यांना वाटतं काहीतरी नवीन निघालंय.

पार्टीच्या आदल्या दिवशी मी बडगीत पाण्याचा थेंब टाकला. थेंब बसून राहिला. मी आबांना म्हटलं, दोन वांगी भाजून बघू या का? ते म्हणाले, "नाही. आता मयातच." त्यांचं भरीत, त्यांची भाऊबंदकी, आणि न तपासलेली बडगी. बिघडलं तर नाव त्यांचं जाणार होतं, हे मला तेव्हा कळलं.

रविवारी मळ्यात ही गर्दी. विहिरीपलीकडे पुरुष मंडळी, जाळ, धूर, वांग्यांचा ढीग. अलीकडे चुलींवर आम्ही बायका ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या लाटत होतो. मला तिथेच बसवलं होतं, त्यामुळे काही दिसत नव्हतं. ऐकू मात्र येत होतं. ठेचायला सुरुवात झाली. ठक. ठक. ठक. माझे सगळे प्राण कानात. त्या "चप" आवाजाची वाट बघत मी पुऱ्या लाटत होते. लाटलेली पुरी पुन्हा गोळा करून पुन्हा लाटत होते. शेजारची काकू म्हणाली, "पोरी, ध्यान कुठे आहे?" ठक. ठक. वांगी संपली, मिरची-लसूण गेलं, दाणे गेले, कांद्याची पात गेली, वरून तेलाची कढकढीत फोडणी ओतल्याचा चर्रर्र आवाज आला. फोडणी! ती मी हिशेबात धरलीच नव्हती. मी डोळे मिटले. त्यानंतर पुन्हा ठक, ठक, ठक. आवाज बदलला नाही.

मग बोदवडचे तात्या, आबांचे चुलतभाऊ, ज्यांनी उभ्या आयुष्यात भरिताला "बरं आहे" च्या वर काही म्हटलं नव्हतं, त्यांचा खणखणीत आवाज आला, "बडगी मोठी झाक आहे रे! कोन्या गावच्या सुताराची? बलाव त्याले, पयला घास त्याचा!"

मी लाटणं खाली ठेवलं. मला वाटलं, आबा आता तो घास कठड्यावर ठेवणार. हरी सुतार गेल्यापासून ठेवतात तसा. बायकांच्या बाजूला ते येणार नाहीत, इतक्या माणसांत तर नाहीच. मी मान उंच करून पाहिलं. आबा बडगीवर वाकले होते. पुरीच्या तुकड्यानं बूड खरवडत होते. सरळ झाले, विहिरीकडे गेले. आणि कठड्याला वळसा घालून, हातात घास तसाच धरून, सगळ्या भाऊबंदकीसमोर, धुरातून आमच्या चुलींकडे यायला लागले. बायकांनी लगबगीनं डोक्यावरून पदर घेतले. आबा माझ्यासमोर थांबले.

"हात पुढं कर," ते म्हणाले.

माझे दोन्ही हात पिठानं भरलेले. मी ओंजळच पुढे केली. त्यांनी घास ठेवला. तो मी तिथेच बसून तोंडात घातला. गरम, तिखट, धुराचा वास, लसूण. लाखेचा नाही, तेलाचा नाही, दरवाजाचा नाही. नुसतं भरीत.

"गियायचं का थुकायचं?" आबांनी विचारलं.

मी गिळलं.

"मंग वेनी गुंडाळून बांधायची रोज," आबा म्हणाले. "आन उद्या सकायची गाडी आहे धुय्याची."

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मिरचीचा असा ठसका लागला की डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सगळे बघतच राहिले. मागून अक्का ओरडली, "बघत काय र्‍हायले सारे? पानी द्या कोनी त्या कारागिराले!"